हात वर

मला एकशे चौसष्ट मतं पडली,
त्यातली बरीचशी दुसरं कुणी उभंच नव्हतं म्हणून.
स्कार्वॉय बेटावर मी चर्चची घंटा वाजवतो, दारापुढचा बर्फ ओढतो,
आणि जमीन मऊ असेल तेव्हा कबरी खणतो.
कडक असेल तेव्हाही खणतो. वेळ लागतो.

ट्रॉन्डहाइमच्या हॉटेलात गळ्यात पट्टी मिळाली:
आसगाउत ब्रेक्के, निर्वाचित सदस्य.
खोलीत इस्त्री होती, बायबल होतं,
आणि चारशे बारा पानांची कागदपत्रं.
रात्री तीनपर्यंत वाचली सगळी.
सकाळी नाश्त्याला नेमक्या शेजारी बिशपबाई.
अंडं सोलताना हात थरथरत होते, म्हणून बोललोच नाही.
त्यांनी मीठ पुढे सरकवलं.
त्यांच्या अंगठ्याच्या नखात माती होती.
बरं वाटलं.

स्तोत्र संपेपर्यंत सगळे एका सुरात.
मग कार्यक्रमपत्रिका उघडते.
दुरुस्ती. दुरुस्तीला उपदुरुस्ती.
एका स्वल्पविरामावर बावीस मिनिटं गेली,
तो देवाच्या आधी घालायचा की नंतर.
मागे कुणीतरी हसलं. मी नाही हसलो.
दगडावर एक आकडा चुकीचा कोरला गेला
तर तो किती वर्षं तोंडावर बघावा लागतो,
मला माहीत आहे.

ठराव अकरा:
जिथे रविवारी पंधराहून कमी माणसं येतात
तिथला बॉयलर बंद करावा,
पाळक वर्षातून दोनदा पाठवावा.

आम्ही नऊ येतो.
ओडनीचा कुत्रा धरला तर दहा.
भिंतीपलीकडचे धरले तर दोनशे छत्तीस,
पण ते कुणी गार वाटतं म्हणत नाहीत.

बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं, मग लाल दिवा.
माझ्या आधी रिस्तेन उभी राहिली, कारासजोकची,
तेवीस वर्षांची, आपल्या सामी भाषेत.
कानातल्या यंत्रात दुभाषी धापा टाकत मागून येत होता,
एका शब्दापाशी थांबलाच.
"याला आपल्याकडे शब्द नाही," म्हणाला, आणि पुढे गेला.
तो शब्द ती आणखी तीनदा बोलली.
तीनदा माझ्या कानात नुसती खरखर.

मी लिहून आणलेला कागद खिशातच ठेवला.
म्हणालो, आम्ही नऊ आहोत.
बॉयलर एका रविवारी जेवढं तेल पितो
तेवढ्यात ओडनीचं स्वयंपाकघर महिनाभर ऊबदार राहील.
पण ओडनी येते.
एवढंच.
लाल दिवा लागलाच नाही.
उरलेली दोन मिनिटं कुणी मागितली नाहीत.

मतदानाचं यंत्र त्याच वेळी बंद पडलं.
अध्यक्षबाई म्हणाल्या, हात वर करा.
आता हात वर करण्याचे दोन अर्थ.
एक वर केला तर ते मत.
दोन्ही केले, तर काय ते तुम्ही जाणता.
मी उजवा वर केला. ठरावाच्या बाजूने.
डावा मांडीखाली दाबून धरला होता.

त्रेसष्ट विरुद्ध एक्केचाळीस.
रिस्तेनने वळून पाहिलं नाही.
जेवणात मासा होता. आमच्याकडे असतो त्याहून शिळा.

धक्क्यावर ओडनी आली होती, कुत्र्यासकट.
"काय केलंत तिकडे?"
"हात वर केला."
"केला की केले?"
दोर फेकला, खुंटाला अडकवला, दोन आढे जास्तच दिले.
तरी ती उभीच.
मग सांगितलं.
ती म्हणाली, गेल्या वर्षीच बंद करायला हवा होता तो,
धूर घशात जातो.
आणि वळून चढाला लागली, माझी बॅग न विचारता उचलून.

रविवारी मी दहाला घंटा दिली.
दार उघडू नये असं कुठेही लिहिलेलं नाही.
मी चारशे बारा पानं वाचली आहेत.
नऊ जण कोटासकट बसले.
उपदेश नव्हता. कुणीतरी स्तोत्राचा आकडा सांगितला, चुकीचा,
आम्ही तेच म्हटलं.
प्रत्येकाचा श्वास वेगळा दिसत होता,
कुत्र्याचा सगळ्यांत मोठा.